वाघिणीचा हात

जेलुटोंग, पिनांग
२० जानेवारी, मोठी थंडी

आची,

तू माझा नंबर तुझ्या फोनमध्ये बंद करून ठेवलायस, म्हणून कागद काढला. पोस्टातली मुलगी म्हणाली, "मावशी, हल्ली पत्रं कोण लिहितं?" म्हटलं, ज्यांच्या थोरल्या बहिणी रुसून इपोहला बसतात, त्या लिहितात.

कॅलेंडरच्या आजच्या पानावर 'मोठी थंडी' छापलंय. आमच्याकडे आठव्या मजल्यावर पंखा पाचावर फिरतोय आणि आई स्वेटर घालून बसली आहे. काढ म्हटलं तर म्हणते, "थंडी आहे असं लिहिलंय ना?" आता अठ्ठ्याऐंशीची होईल. दात गेले, गुडघे गेले, पण कॅलेंडरचं पान रोज सकाळी तिनेच फाडायचं. दुसऱ्या कुणी फाडलं तर दिवसभर तोंड फुगवून बसते.

लिहायचं कारण असं, की माझ्या हुई तिंगचं लग्न ठरलं. एकवीस मार्चला. मुलगा बरा आहे, पगार बरा आहे, कानाच्या पाळ्या मोठ्या आहेत म्हणून आईला पसंत आहे. विहीणबाईंचं केसांचं पार्लर आहे. बाई मुहूर्त बघितल्याशिवाय शिंकतही नाहीत. तुला कळवायचं की नाही यावर मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी आई म्हणाली, "सुआनला कळव." म्हणून कळवते. ये म्हणत नाही, कळवते.

बाबांच्या शवपेटीपाशी मी सगळ्यांदेखत बोलले, त्याला अकरा वर्षं झाली. "जिने लग्नाच्या दिवशी आईला चुलीपाशी बसवलं, तिने बापाच्या उशाशी पुढे बसू नये." मी रागात बोलले, पण खोटं बोलले नाही. तुझ्या सासरच्यांनी सांगितलं, वाघाच्या वर्षातली बाई नवरीसमोर नको, अपशकुन होतो, आणि तू मान डोलावलीस. मी तेव्हा सोळाची होते. तू वर पाहुण्यांना चहा देत होतीस आणि खाली आपली आई कांदे सोलत होती. तिला शेवयांची वाटी मी नेऊन दिली. ते मी विसरलेली नाही.

असो. कळवायचं ते कळवलं.

इम


४ फेब्रुवारी, वसंतारंभ

आची,

तुझं उत्तर नाही. नसू दे. आजचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

वसंत लागतो त्या दिवशी, आपापल्या जन्मवर्षाच्या प्राण्याच्या वेळेला बँकेत पैसे भरले की वर्षभर पैशाला पैसा चिकटतो. हे तुम्हीही तिकडे करता, मला सांगू नकोस. यंदा घोड्याचं वर्ष येतंय. घोड्याची आणि वाघाची दोस्ती, म्हणून फोनवर जे जे तक्ते आले त्या सगळ्यांत वाघ पहिला. उंदराने तर बँकेच्या मशीनच्या वाऱ्यालाही उभं राहू नये म्हणे. मी उंदीर नाही, पण माझंही काही धड नाही. मग डोक्यात आलं, घरात एक वाघ बसलाय की स्वेटर घालून.

नेलं आईला. वाघाची वेळ दुपारी एकपासून. बँकेबाहेर पैसे भरायच्या मशीनला रांग अशी, की मासळीबाजारापर्यंत शेपूट. आईने लाल ब्लाउज घातला होता. तिच्या हातून माझे पैसे आत गेले, तेवढ्यात मागून आलानने बघितलं. आलान म्हणजे आमची शेजारीण, माशांच्या गोळ्यांची गाडी चालवते, उंदराची आहे. म्हणाली, "आमा, माझेही तुझ्या हातून घाल ना, मला यंदा बंदी आहे." आईने घातले. मशीनने एक नोट परत थुंकली. आलानचा चेहरा पडला. आई म्हणाली, "अपशकुन नाही गं बाई, तुझ्या नोटेला मासळीचं पाणी लागलंय. पुसून दे."

सगळी रांग हसली आणि मग ती रांग मशीनची राहिलीच नाही, आईची झाली. जो तो नोटा आईच्या हातात देतोय आणि आई वाघिणीच्या ऐटीत ढकलतेय. राखणदार म्हणाला, "मावशी, एका माणसाने किती वेळ?" आलानने त्याला सुनावलं, "तुला काय कळतंय, तूही घाल तुझे दहा रिंगिट." त्याने घातले. मग विहीणबाई आल्या, पार्लर अर्धं टाकून, केसांना रंग लावलेली गिऱ्हाइकं खुर्चीत तशीच सोडून. आठ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी आणले होते. आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आजी, हा हात सोन्याचा आहे."

तू बघायला हवं होतंस. जिला आयुष्यभर लग्नाच्या दारातून परत पाठवलं, तिच्यासाठी आज माणसं उन्हात उभी. लोकांनी पैशांची लाल पाकिटं दिली, नको नको म्हणताना कोंबली. सगळी आईच्या उशाखाली ठेवलीत.

तिचे पाय जरा सुजलेत. दोन तास उभी होती ना. स्टूल नेलं होतं मी, पण विहीणबाईंना उभं कसं ठेवणार.

इम


१९ फेब्रुवारी, नव्या वर्षाचा तिसरा दिवस

आची,

तुझ्याकडून बिस्किटांचा डबा आला. आत चिठ्ठी नव्हती. वरचा पत्ता आईच्या नावाने होता, माझ्या नव्हे. समजले. आईने डबा पोटाशी धरला आणि कुणाला देईना.

आज तिसरा दिवस, भांडणाचा, कुणी कुणाकडे जात नाही. आईचा जन्म याच तिथीचा. सकाळी तिला अंडं आणि शेवया करून दिल्या. सहज म्हटलं, "आई, यंदा तुझंच वर्ष. सगळं जेलुटोंग तुझ्या हाताच्या मागे लागलंय."

शेवई ओढत ती म्हणाली, "मी कुठली वाघ?"

"म्हणजे?"

"तिसऱ्या दिवशी जन्मले. त्या साली वसंत लागायला अजून दोन दिवस होते. वसंत लागेपर्यंत जुनंच वर्ष, बैलाचं. माझी आई म्हणायची, पोरगी बैलाच्या शेपटाला लटकून आली."

मी चमचा खाली ठेवला. तुला माहीत आहेच, बाकी जग नव्या वर्षापासून प्राणी मोजतं, पण जाणते भविष्यवाले मोजतात वसंतापासून. तसं धरलं तर आई वाघ नव्हतीच कधी. मी विचारलं, मग आयुष्यभर वाघ का सांगितलंस?

"मध्यस्थ बाई म्हणालीच होती, बैल सांग, वाघिणीला कुणी करत नाही. मी वाघच सांगितलं. तुझे बाबा धक्क्यावर पोती उचलायचे, त्यांना दुसरी मिळत नव्हती. पण तुझी आजी सुनांना लाकडी पळीने मारायची. काकूंच्या पाठी पाहिल्यास ना? मला कधी बोट लावलं नाही तिने. वाघिणीला कोण हात लावतो? बैल म्हटलं असतं तर पहाटेपासून जुंपली असती मला."

"आणि सुआनच्या लग्नात? खाली कांदे सोलत बसलीस ते?"

बराच वेळ ती चावत राहिली. चावायला काही नव्हतं, शेवया संपल्या होत्या.

"जिन्यापर्यंत गेले होते. पण वर माझी सासू बसलेली. त्या दिवसापुरती बैल झाले असते, तर पुढे रोज बैल व्हावं लागलं असतं."

मग तुझ्या डब्यातलं एक बिस्कीट काढून तिने मला अर्धं दिलं. तिला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते, आची, मी हिशेब करत होते. बैलाचं आणि घोड्याचं वाकडं. त्या दिवशी मशीनमध्ये सगळ्यांचे पैसे बैलाच्या हातून गेले.

हे कुणाजवळ बोलू नकोस.

इम


५ मार्च, किडे जागे होण्याचा दिवस

आची,

विहीणबाई आल्या होत्या. संत्री आणली, चहा घेतला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. आई आत गेल्यावर खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "इमबाई, गैरसमज नको. आजींचा हात सोन्याचाच आहे. पण नवरीसमोर वाघ म्हणजे, तुम्ही जाणत्या आहात. नवरीचे केस विंचरताना, मग सकाळी ती थोरांना चहा देते तेव्हा, तेवढ्यापुरतं त्यांना आत ठेवा. संध्याकाळी हॉलवर येऊ देत खुशाल, गर्दीत चालतं."

पैशाला वाघ चालतो आणि लग्नाला चालत नाही का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

एका वाक्याचं काम आहे, आची. विहीणबाई सगळं वसंतापासूनच मोजतात. मी म्हणायचं, अहो, आई वाघ नाही, बैल आहे, ही तिची तिथी. झालं, आई चहाला पहिल्या खुर्चीत. पण मग त्यांच्या पार्लरचं वर्षाचं नशीब बैलाने भरलं. आलानचा बर्फाचा फ्रीज याच महिन्यात बंद पडला. तरी बिचारी म्हणते, वाघाचा हात लागलाय, पुढे बघ कसं भरभरून येईल. तिला काय तोंड दाखवू? लग्न तोंडावर आलंय, आणि विहीणबाई म्हणतील, यांनी जाणूनबुजून आमचं वाटोळं केलं. तो राग माझ्या पोरीवर निघेल.

आणि खरं सांगायचं तर ती लाल पाकिटं आईच्या उशाखाली नाहीत. उशाखाली होती, दोनच दिवस. हॉलवाला आगाऊ रकमेसाठी मागे लागला होता. आईने उशी चाचपून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि उशी परत सारखी केली.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायला मला तोंड नाही. तू काय केलंस ते मीच जगाला ओरडून सांगितलंय.

पण मी तुझ्यासारखी करणार नाही. रविवारी विहीणबाईंकडे जाऊन सांगणार आहे. तू बघच.

इम


४ एप्रिल, छिंगमिंगच्या आदल्या दिवशी

आची,

रविवारी मी गेले होते. विहीणबाईंनी माझे केस धुतले, फुकट. त्यांची बोटं डोक्यावरून फिरत होती आणि त्या म्हणत होत्या, "वसंतापासून गिऱ्हाईक वाढलंय हो, आजींची कृपा." मी डोळे मिटून पडून राहिले आणि तशीच घरी आले.

लग्नाचं तुला सांगायची गरज नाही, तू पाहिलंस. तरी मला माझ्या हाताने लिहायचं आहे.

आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आई, उद्या सकाळी जरा आत बसशील?" एवढंच म्हटलं, कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर निदान शरमेने सांगितलं असं झालं असतं. ती म्हणाली, "बसते की. चुलीपाशी मला थंडी वाजत नाही." मग विचारलं, "कांदे आहेत का सोलायचे?" थट्टा करत होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

जुन्या घरात वर आणि खाली असं तरी होतं. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि चहाच्या खुर्च्या यांच्यात एक सरकतं दार. ते मी स्वतः ओढून घेतलं. हुई तिंग पहिला कप घेऊन आली आणि इकडेतिकडे बघायला लागली. "आमा कुठे?" मी म्हटलं, "पाय दुखतायत, झोपलीय." लग्नाच्या सकाळी पोटच्या पोरीशी खोटं बोलले. पहिल्या खुर्चीत मी बसले. चहात लाल खजूर होते, गोड होता.

मग किटलीतलं पाणी संपलं. मी दार सरकवून आत गेले, तर तू.

मागच्या जिन्याने आठ मजले चढून आली होतीस. तांदळाच्या डब्यावर बसली होतीस, केस सगळे पांढरे. आई तुला वाटीतून तांदळाचे पाकातले गोळे भरवत होती आणि तुम्ही दोघी कशावर तरी हसत होतात. मला बघून तुमचं हसू थांबलं. तू म्हणालीस, "पाणी उकळलंय. घेऊन जा, पाहुणे खोळंबलेत."

मी किटली धरून उभी राहिले. मी वाट बघत होते, आची. माझं वाक्य तू मला परत देशील म्हणून. तुझा हक्क होता. 'जिने लग्नाच्या दिवशी आईला चुलीपाशी बसवलं...' तोंडपाठ असेल तुला. तू दिलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी फिटलं असतं. तू म्हणालीस, "हात भाजेल, फडका घे." आणि आईच्या हातातला गोळा खाल्लास.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. अकरा वर्षं मी सुपात बसून हसले. तुझ्यावर एक दिवस आला होता, मी त्याचं तुझं आयुष्य केलं. तुझ्याजवळ तेव्हा उपायही नव्हता, तुला आई वाघच माहीत होती. मला खरं ठाऊक होतं, आणि मी आलानच्या फ्रीजला घाबरले.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं. पण मी आणखी एक केलं.

लग्नानंतर मला झोप लागेना. गेल्या आठवड्यात उठले आणि सगळ्यांना सांगून टाकलं. आलानच्या गाडीपाशी गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, मग पार्लरमध्ये जाऊन विहीणबाईंना. आई बैल आहे, वाघ कधीच नव्हती. विहीणबाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आता लग्न लागल्यावर सांगताय?" आलान म्हणाली, "मग माझं पाकीट परत दे." दिलं, उसने घेऊन. वाटलं, आता छातीवरचं ओझं उतरलं. खरंच, पायऱ्या चढताना हलकी झाले होते मी.

घरी आले तर आई दाराकडे पाठ करून बसली होती. तिच्यापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. लिफ्टमध्ये कुणीतरी तिला म्हणालं होतं, "काय आजी, बैल निघालात म्हणे?" आणि लिफ्टभर लोक हसले होते.

मी म्हटलं, "आई, तुझ्यासाठीच सांगितलं. तुझ्यावर अन्याय झाला होता."

ती म्हणाली, "माझ्यासाठी सांगायचं होतं तर लग्नाआधी सांगितलं असतंस. तुला मोकळं वाटावं म्हणून माझा वाघ घालवलास. एवढीच तर माझी कमाई होती."

त्या दिवसापासून तिने कॅलेंडरचं पान फाडलेलं नाही. मी फाडते, तर बघतही नाही. तोंड फुगवत नाही. ते फुगवलेलं तोंड परत दिसावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

काल तिने स्वतःच पिशवी भरायला घेतली. लाल ब्लाउज, स्वेटर, तुझा बिस्किटांचा रिकामा डबा. मला म्हणाली, "उद्या-परवा छिंगमिंगला सुआन तुझ्या बाबांचं थडगं झाडायला येणार आहे. मी तिच्याबरोबर जाते. तिकडे अजून कुणाला माहीत नाही." तुमचं फोनवर बोलणं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी तिला राहा म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणू?

हे पत्र तिच्या पिशवीत वरच ठेवते आहे. उद्या बाबांच्या थडग्यावर मी गवत काढेन, तू अक्षरांत रंग भर, आपण बोललो नाही तरी चालेल. तिची गुडघ्याची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची आहे. कॅलेंडर तुझ्याकडे फाडायचं असेल तर बरं, नसेल तर एक आण.

तुझ्या शेजारणी विचारतील, आजींचं वर्ष कोणतं. वाघाचं सांग. आणि तुमच्याकडे कधी लग्न निघालं तर तिला पहिल्या खुर्चीत बसव, चहा आधी तिला दे. बैल म्हणून नको. वाघीण म्हणूनच बसव. मला ते जमलं नाही.

इम